पावसाळ्यातला चौरंग: जुन्या सागवानाच्या प्रकल्प नोंदी

काम: १८ × १८ इंचांचा, फूटभर उंच सागवानी चौरंग. मुदत: २७ ऑगस्ट २०२५, गणेश चतुर्थी. जागा: पुण्यातल्या फ्लॅटची ड्राय बाल्कनी, आठ बाय चार फूट. हत्यारं: रंधा, करवत, पटाश्या, मोगरी (लाकडी हातोडा), गुण्या (काटकोन बघायचं हत्यार) आणि एक हातातलं ड्रिल. मोठं मशीन एकही नाही. नोकरीमुळे काम फक्त शनिवार-रविवारी.

(नंतर घातलेली ओळ: भर पावसात लाकूडकाम करायचं असेल तर २६ जुलै, १० ऑगस्ट आणि १७ ऑगस्टच्या नोंदी आधी वाचा.)

शनिवार, ५ जुलै

गेल्या वर्षीच्या चौरंगाची वरची फळी मार्चमध्ये मधोमध तडकली. फळी खालच्या चौकटीला चारही बाजूंनी फेविकॉल लावून पक्की केली होती. उन्हाळ्यात फळी आकसायला लागली, चौकट तिला सोडेना, आणि शेवटी लाकूड फाटलं. या वेळी फळी आणि चौकट यांचा सांधा नीट करायचा, बाकी नक्षी वगैरे काही नको.

सकाळी भवानी पेठेतलं टिंबर मार्केट. नवीन सागवान बघितलं, पण मन जुन्यावरच होतं. पाडलेल्या वाड्यांची दारं, चौकटी, तुळया अजूनही तिथल्या वखारींत येतात. जुनं लाकूड घेताना तीन गोष्टी बघितल्या: टोकाला वाळवीची भोकं, बिजागरीच्या जागी कुजलेला भाग, आणि फळीला आलेला पीळ. पीळ बघायला फळी डोळ्यासमोर आडवी धरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे बघायचं. दोन्ही टोकांच्या कडा समांतर दिसल्या नाहीत तर ती फळी सोडून द्यायची, कारण पीळ काढता काढता निम्मी जाडी रंध्याखाली जाते.

दाराच्या तीन फळ्या (साडेसहा इंच रुंद, सव्वा इंच जाड) आणि चौकटीचा पाच फुटी तुकडा (४ × ३ इंच) घेतला. मिळून ०.९ घनफूट, ३,२०० रुपये घनफूट भावाने २,८८० रुपये. चौकटीचा तुकडा तिथेच चिरून घ्यायचा विचार होता. वखारीतले काका म्हणाले, “साहेब, आधी खिळे काढून आणा. एक खिळा लागला तर माझा पट्टा जातो.” बरोबर आहे त्यांचं. बँडसॉचा, म्हणजे यांत्रिक करवतीचा, पट्टा त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे.

रविवार, ६ जुलै

आषाढी एकादशी. घरात साबुदाण्याची खिचडी, बाल्कनीत खिळे.

दिसणारे खिळे पकडीने निघतात, त्यांचं काही नाही. डोकं तुटून आत राहिलेले खरे शत्रू. जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक दोऱ्याला बांधून फळीवरून हळूहळू फिरवलं. जिथे ते ओढलं जाईल तिथे खडूने खूण. सागवानात लोखंडाभोवती लाकूड काळं पडू शकतं, तेही लक्षात ठेवा. रंगाखाली निळसर काळा डाग दिसला की आत खिळा असू शकतो. तुटलेल्या खिळ्याभोवती बारीक ड्रिलने तीन-चार भोकं पाडून, अरुंद पटाशीने जागा मोकळी करून पकडीने ओढायचा. सकाळचा सगळा वेळ यात गेला. एवढा वेळ यात जाणार हे जुनं लाकूड घेणाऱ्याने आधीच धरून चालावं.

शनिवार, १२ जुलै

चौकटीचा तुकडा चिरून आणला, २५० रुपये. त्यातून दोन इंची चार पाय आणि इंचभर जाड सहा पट्ट्या निघाल्या. चौरंगाच्या चौकटीला पट्ट्या चारच लागतात, दोन हाताशी राहतील.

मग फळ्यांना रंधा. वरचा काळपट, तेलकट थर निघाला आणि खालून मधासारखा रंग आला. दुसऱ्या फळीवर कर्रर्र आवाज झाला आणि रंध्याच्या पात्याला दोन मिलिमीटरची खाच पडली. खिळ्याचा टोकाचा भाग उरला होता. चुंबक फक्त एका बाजूने फिरवलं होतं. दोन्ही बाजूंनी आणि कडांनीही फिरवायला हवं. नवीन पातं १८० रुपये.

मास्क लावा. सागवानाच्या बारीक भुशाने मला शिंका येतात, आणि काहींच्या हातांवर पुरळही उठतं.

रविवार, १३ जुलै

धार. सागवानात सिलिका असते, म्हणजे जवळजवळ वाळूच. त्यामुळे इतर लाकडापेक्षा धार फार लवकर जाते. पातं २५ अंशांवर घासलं आणि शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर फिरवलं. हाताच्या मागचे केस निघाले की समजायचं झालं.

आमच्या इमारतीत दुपारी एक ते चार ठोकाठोकी चालत नाही, आणि ते मला मान्य आहे. खालच्या मजल्यावर एक आजी आजारी आहेत. म्हणून कामाचं वेळापत्रकच तसं लावलं: सकाळी मोगरीचं काम, दुपारी धार, आखणी आणि रंधा. बाल्कनीतल्या, लाकूड ठेवायच्या घोड्यांच्या पायांखाली जुन्या गोधडीच्या घड्या ठेवल्या. मोगरीचा आवाज हवेतून कमी आणि फरशीतून जास्त जातो; गोधडीने फार फरक पडला, असं खालच्या काकूंनी स्वतः सांगितलं.

शनिवार, १९ जुलै

तीन फळ्या जोडून १८ इंचांची वरची फळी. जोडायच्या दोन कडा एकत्र धरून, व्हाइसमध्ये आवळून, दोन्हींवर एकदमच रंधा मारला. असं केलं की रंधा थोडा तिरका चालला तरी एका कडेचा तिरकेपणा दुसरीच्या तिरकेपणाने भरून निघतो. मग एक फळी दुसरीवर उभी ठेवून मागे ट्यूबलाइट. उजेडाची रेघ दिसेनाशी होईपर्यंत मधला उंचवटा काढत राहिलो.

सागवान तेलकट असतं. कडा ताज्या रंधलेल्या हव्यात, आणि फेविकॉल लावण्याआधी थिनरच्या फडक्याने पुसून वाळू द्यायच्या. गेल्या वर्षी रंधून आठवडाभर ठेवलेल्या कडांना लावलं होतं, तिथे सांधा हाताने सुटला.

लांब क्लॅम्प महाग पडतात, म्हणून पाचरी वापरल्या. प्लायवर एका बाजूला रीप (लाकडाची अरुंद पट्टी) स्क्रूने पक्की केली, समोर फळीपासून अर्धा इंच सोडून दुसरी रीप, आणि त्या फटीत उलट-सुलट पाचरींच्या जोड्या ठोकल्या. दाब भरपूर येतो, इतका की फळ्या मधून वर उचलल्या जातात. त्या दाबायला वर पाट्या-वरवंट्यातला पाटा ठेवला, खाली वर्तमानपत्र घालून. फेविकॉलवर ओलं असताना लोखंड टेकू देऊ नका, सागवानावर काळा डाग पडू शकतो.

रविवार, २० जुलै

पाऊस थांबला नाही. सांध्यातून बाहेर आलेला फेविकॉल चोवीस तासांनीही रबरासारखा मऊ होता. काही केलं नाही. उन्हाळ्यात तासा-दोन तासांत पाचरी सोडता येतात, पावसाळ्यात पुढच्या दिवसापर्यंत हात लावू नये.

शनिवार, २६ जुलै

आजची नोंद सगळ्यांत कामाची.

गेल्या वर्षीची फाटलेली फळी माळ्यावरून काढली. मार्चमध्ये तिच्या तडीत दहा रुपयांचं नाणं उभं जायचं. आज त्याच तडीत पोस्टकार्ड जात नाही. कुणी काही केलेलं नाही, फक्त हवा बदलली. आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र ३५० रुपयांना आणलं आहे: बाल्कनीत ८८ टक्के, आतल्या खोलीत ७१.

फळी तंतूंच्या दिशेने, म्हणजे लांबीत, जवळजवळ हलत नाही. रुंदीत हलते, दर वर्षी, आणि लाकूड शंभर वर्षं जुनं असलं तरी हलते. ‘जुनं लाकूड आहे, आता काही होत नाही’ हे मी अनेक जाणत्या माणसांकडून ऐकलं आहे. जुनं लाकूड नवीन ओल्या लाकडासारखं वेडंवाकडं होत नाही हे खरं. पण ऋतूप्रमाणे फुगणं-आकसणं त्याचं कधी थांबत नाही. १८ इंचांच्या फळीला वर्षभरात सूतभर (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) तरी जागा हवीच, सव्वा सूत धरलं तर निश्चिंती.

तेव्हा ठरलं: फळीला फेविकॉल नाही. चौकटीच्या आतून लाकडी खिट्ट्या. खिट्टी फळीला खालून स्क्रूने घट्ट, आणि तिची जीभ चौकटीच्या पट्टीतल्या खाचेत नुसती अडकलेली. फळी खाली धरली जाते, पण आडवी सरकू शकते.

आता खरी मेख. खिट्ट्यांबद्दल सगळीकडे सांगतात की जीभ आणि खाच यांच्यात थोडी फट सोडा. ती सूचना लाकूड कोरडं असताना काम करणाऱ्यासाठी आहे, कारण त्याची फळी पुढे फुगणार असते. आपण जुलैमध्ये करतोय. आपली फळी आत्ता जास्तीत जास्त फुगलेली आहे, इथून ती फक्त आकसणार. आकसली की समोरच्या आणि मागच्या पट्टीतल्या खिट्ट्या खाचेतून बाहेर, मध्याकडे ओढल्या जाणार. म्हणून पावसाळ्यात जीभ खाचेत पूर्ण आत बसवायची आणि जीभ लांब ठेवायची. मी तीन सूत ठेवतोय. दर बाजूला अर्ध्या सुताहून थोडी जास्त बाहेर आली तरी दोन सुतांहून जास्त आत राहते.

शनिवार, २ ऑगस्ट

पायांमध्ये खाचा. पाय रंधून पावणेदोन इंची झाले, पट्ट्या सहा सूत जाड. खाच तीन सूत रुंद, एक इंच खोल. आधी ड्रिलने ओळीत भोकं पाडली, मग पटाशीने भिंती सरळ केल्या. पटाशी आखलेल्या रेघेवर लगेच ठेवायची नाही. आत अर्धं सूत सोडून रिकामं करायचं आणि रेघेवरचा शेवटचा काप हातानेच, मोगरी न वापरता घ्यायचा. तेव्हा पापुद्रा निघतो आणि भिंत आरशासारखी राहते.

प्रत्येक पायात दोन खाचा आत एकमेकींना भिडतात, त्यामुळे दोन्ही कुसवांची (कुसू म्हणजे पट्टीचा खाचेत बसणारा अरुंद भाग) टोकं ४५ अंशांत कापावी लागतात. चारही पाय उभे करून, कुठली बाजू बाहेर ती पेन्सिलीने लिहून मगच आखणी केली. आठ खाचा झाल्या. सकाळ संपली आणि मनगट भरून आलं.

रविवार, ३ ऑगस्ट

पट्ट्यांचे कुसू. एक करवतीच्या चुकीच्या बाजूने कापला गेला आणि खाचेत खुळखुळायला लागला. सैल कुसू फेविकॉलने भरून निघेल या भरवशावर बसू नका. हे ग्लू फटी भरत नाही, दोन लाकडं चिकटून असतील तरच धरतं. त्याच लाकडाचा पातळ पापुद्रा, तंतू त्याच दिशेने ठेवून, कुसवाच्या गालाला चिकटवला, वाळल्यावर रंधून मापात आणला. आता मोगरीच्या दोन हलक्या टोल्यांनी बसतो. दुरुस्तीत तास गेला. राखीव पट्टीतून नवीन करायला दोन गेले असते.

शनिवार, ९ ऑगस्ट

नारळी पौर्णिमा आणि राखी. बहीण आली होती, नारळीभात झाला. हत्यारं बंद.

रविवार, १० ऑगस्ट

आधी चौकट कोरडी जुळवून बघितली, मग फेविकॉल. चौकट काटकोनात आहे का ते गुण्याने नाही, कर्ण मोजून बघा. कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोन्ही मापं घेतली, चार मिलिमीटरांचा फरक आला. लांब कर्णाच्या दिशेने दोरी बांधून तिच्यात काठी घालून पिळली, फरक शून्यावर आला, तशीच रात्रभर ठेवली. हे फेविकॉल ओलं असतानाच होतं, नंतर नाही.

संध्याकाळपर्यंत खिट्ट्या. दीड इंच लांब, इंचभर रुंद, उरलेल्या सागवानातून. खिट्टीचे तंतू जिभेच्या दिशेने जायला हवेत. आडवे गेले तर जीभ पहिल्याच झटक्यात तुटते.

बसवण्याची रीत, फळीचे तंतू डावीकडून उजवीकडे धरून:

समोरच्या आणि मागच्या पट्टीत दोन-दोन खिट्ट्या, जीभ खाचेत पूर्ण आत.

डाव्या आणि उजव्या पट्टीत फळी पट्टीच्या बाजूने सरकते, आत-बाहेर नाही. तिथल्या खाचा खिट्टीपेक्षा दोन सूत लांब केल्या आणि खिट्टी पायाकडच्या टोकाला ठेवली, म्हणजे मध्याकडे सरकायला जागा राहील.

याच दोन पट्ट्यांच्या बरोबर मध्यावर एकेक खिट्टी मापाच्या घट्ट खाचेत. त्यामुळे फळीचा मध्य जागचा हलत नाही आणि आकसणं पुढून-मागून सारखं वाटलं जातं. ही नसेल तर फळी हळूहळू एकाच बाजूला सरकत जाते.

फळी अजून कायमची लावलेली नाही, पॉलिश आधी.

शनिवार, १६ ऑगस्ट

चौरंग डुगडुगत होता. फरशीवर बघण्यात अर्थ नाही, फरशीच सपाट नसते. घरातली सगळ्यांत सपाट जागा म्हणजे स्वयंपाकाचा ग्रॅनाइटचा ओटा. आईची परवानगी घेऊन तिथे ठेवला, कुठल्या पायाखाली कागद जातो ते बघितलं. बाकी तीन पायांतला लांब पाय शोधून कानशीने आणि पॉलिश पेपरने थोडा थोडा कमी केला. तीनही पाय कापत बसू नका, एकच पाय कमी केला की पुरतं.

८०, १२० आणि २२० नंबरचे पॉलिश पेपर, तंतूंच्या दिशेने. आडवा घासलात तर ओरखडे पॉलिश लावल्यावरच दिसतात.

रात्री काचेच्या बरणीत अर्धा लिटर स्पिरिटमध्ये ७५ ग्रॅम चपडा (पॉलिशची लाख) भिजत घातला. लोखंडी डबा नको, चपडा काळवंडतो.

रविवार, १७ ऑगस्ट

चपडा मलमलच्या फडक्यातून गाळला. बाल्कनीत पहिला हात दिला, सुंदर बसला. दुसरा हात दुपारच्या सरीनंतर. दहा मिनिटांत सगळ्या फळीवर दुधी पांढरट झाक आली, पुसली तरी जाईना. यंत्रावर आर्द्रता ९१ टक्के. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि चपड्यात अडकतं.

दिवस वाया गेला. वर आणखी हात देऊन झाकायचा मोह होतो. तो टाळा, पांढरेपणा कायमचा आत कोंडला जातो.

शनिवार, २३ ऑगस्ट

सगळं सामान आतल्या खोलीत हलवलं. दार बंद करून पंखा आणि दोन टेबल लॅम्प तासभर चालू ठेवले. आर्द्रता ६३ वर आली. मग खिडकी थोडी उघडी ठेवून, फडक्याचा बोळा नुसत्या स्पिरिटने जेमतेम ओलावून, हलक्या हाताने पांढऱ्या भागावरून सरळ फिरवला. वरचा थर पुन्हा विरघळला, अडकलेलं पाणी निघून गेलं आणि झाक नाहीशी झाली. त्यानंतर अगदी पातळ हात, मध्ये तास-तास थांबून. पातळ हात लवकर वाळतो, म्हणून पांढरा पडायला वेळच मिळत नाही.

स्पिरिट उघडं असताना घरात कुठेही ज्योत नको. देवघरातलं निरंजन आणि स्वयंपाकघरातला गॅस दोन्ही तेवढा वेळ बंद ठेवले होते, आईनेच आठवण केली.

चौरंगावर पंचामृत सांडणार, ओली फुलं, दूर्वा राहणार. चपड्यावर पाणी फार वेळ राहिलं तर डाग पडतो. म्हणून शेवटी मेणाचा हात दिला, आणि मूर्तीखाली व अभिषेकाच्या जागी ताम्हण असेल हे घरात सांगून ठेवलं. ज्यांना पाण्याची जास्त काळजी आहे त्यांनी पीयू (पॉलियुरेथेनचं पॉलिश) लावावं. मला चपडा आवडतो, कारण पुढच्या वर्षी खराब झाला तर खरवडून न काढता त्यावरच दुरुस्त करता येतो.

रविवार, २४ ऑगस्ट

फळी खिट्ट्यांनी लावली. स्क्रू फळीतून वर येणार नाही ना ते मोजून, ड्रिलला टेप गुंडाळून खोली ठरवली. फळीची रुंदी पुढून मागे ४५७ मिलिमीटर, डावीकडून उजवीकडेही ४५७. दोन्ही आकडे फळीखाली पेन्सिलीने तारखेसकट लिहिले. शाडूची मूर्ती जड असते, म्हणून चौरंगावर मी स्वतः उभा राहून बघितलं. कुठेही कुरकुर नाही.

खर्च: लाकूड २,८८०, चिराई २५०, पातं १८०, फेविकॉल १५०, चपडा १५०, स्पिरिट १८०, स्क्रू आणि पॉलिश पेपर १९०, आर्द्रतेचं यंत्र ३५०. एकूण ४,३३० रुपये. यंत्र आणि पातं पुढेही कामाला येतील. पावसाळ्यात करायचं असेल तर ठरवलेल्या वेळेच्या वर दोन सुट्ट्या पॉलिशसाठी राखून ठेवा, आणि घरात एखादी कोरडी खोली मिळते का ते आधीच बघा.

रविवार, १५ मार्च २०२६

गुढीपाडव्यासाठी चौरंग काढला तेव्हा मोजला. डावीकडून उजवीकडे ४५७, बदल नाही. पुढून मागे ४५३, म्हणजे चार मिलिमीटर कमी. फळीला तड नाही, जोड कुठे उघडलेले नाहीत. पुढच्या-मागच्या चारही खिट्ट्यांच्या जिभा सुमारे दोन मिलिमीटर बाहेर आल्या आहेत आणि अजून भरपूर आत आहेत. डाव्या पट्टीतली मागची खिट्टी सरकताना थोडी अडकत होती. तिच्या जिभेला मेण चोळलं, स्क्रू पाव फेरा सैल केला, आता सरकते. मे महिन्यात एकदा पुन्हा मोजेन आणि आकडा इथेच टाकेन.